वाचकांचे प्रश्न : एकाच जिल्ह्यात दोन टोकांचे हवामान कसे?

हवामानाविषयीचे प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही आणि त्याच आठवड्यात माण, आटपाडी, जत या भागांत लोक टँकरची वाट पाहत असतात, हे कोडे सुटत नाही, असे अनेकांनी लिहिले आहे. म्हणून या वेळी त्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे न देता गाव आणि व्यवसाय एवढाच उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, दहिवडी) : तिसरीच्या मुलांना जिल्ह्याची माहिती शिकवताना महाबळेश्वर हे अतिपावसाचे ठिकाण आणि माण हा दुष्काळी तालुका, असे मी सांगते. ‘दोन्ही आपल्याच जिल्ह्यात, मग पाऊस तिकडेच का?’ असे मुले विचारतात. ‘मध्ये डोंगर आहे’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही आणि खरे तर माझेही होत नाही.

उत्तर : आपले असमाधान योग्य आहे, कारण डोंगर हे अर्धेच उत्तर आहे. प्रथम फरक किती मोठा आहे ते पाहू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि कित्येक वर्षी तेवढाही होत नाही. दोन्हींमधले सरळ अंतर मात्र शंभर-सव्वाशे किलोमीटरच आहे. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दहिवडीत सबंध वर्षात जेवढे पाणी पडते, त्याहून अधिक तिथे एका दिवसात पडले.

या फरकाच्या मुळाशी डोंगराइतकीच वाऱ्याची दिशा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून वाहतो. तो अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर प्रवास करून आलेला असल्यामुळे बाष्पाने भरलेला असतो. किनाऱ्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा त्याच्या वाटेत जवळजवळ काटकोनात उभा आहे. डोंगररांग वाऱ्याच्या दिशेने पसरलेली असती, तर वारा तिच्या बाजूने निघून गेला असता आणि एवढा पाऊस पडला नसता. इथे मात्र त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसते. आर्थर सीटच्या कड्यावरून दरीत सोडलेले वाळके पान खाली न जाता पुन्हा वर येते, ते याच चढत्या वाऱ्यामुळे.

हवा वर जाते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावते. तीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. तीच मर्यादा वीस अंशांना सुमारे १७ ग्रॅमवर येते. कोकणातून चढणारी हवा मुळातच दमट असल्याने थोडे वर जाताच ती संपृक्त होते, म्हणजे तिच्यात आणखी बाष्प मावत नाही, आणि पुढे चढताना जादा बाष्पाचे पाणी होत राहते. म्हणून पाऊस आधी घाटाखाली वाढू लागतो आणि माथ्यावर कमाल गाठतो.

कोड्याचा दुसरा अर्धा भाग माथा ओलांडल्यावर सुरू होतो आणि मुलांना सांगायचा राहतो तो हाच. पूर्वेकडे उतरणाऱ्या हवेवरचा दाब वाढतो, ती आकुंचन पावते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक तापते, त्यामागेही दाबली गेलेली हवाच असते. उतरताना तापलेल्या हवेची बाष्प धरण्याची ताकद वाढते, त्यामुळे तिच्यात उरलेले बाष्प पाणी होऊन गळायला तयार नसते आणि होते ते ढगही विरू लागतात. चढताना पाणी काढून घेतले जाते आणि उतरताना उरलेले सोडवत नाही, असा दुहेरी मार पूर्वेच्या तालुक्यांवर बसतो. यालाच आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतो.

ही घट किती झपाट्याने होते ते महाबळेश्वर-वाई रस्त्यावर दिसते. महाबळेश्वरपासून पाचगणी सुमारे १९ किलोमीटरवर आहे आणि तिथला पाऊस निम्म्याहूनही कमी भरतो. पसरणी घाट उतरून वाईत आलो की तो हजार मिलिमीटरच्या आत येतो. तिथून कोरेगाव आणि वर्धनगड ओलांडून खटाव-माणमध्ये जावे तसा तो आणखी उतरत जातो. मात्र पूर्वेला जावे तितका पाऊस कमी, असा नियम मुलांना सांगू नये. माण, आटपाडी, जत, सांगोला हा पट्टा ओलांडून मराठवाड्यातून विदर्भाकडे गेले की पाऊस पुन्हा वाढतो आणि नागपूरला तो हजार मिलिमीटरच्या वर जातो. तिथे बंगालच्या उपसागरावरून येणारी कमी दाबाची क्षेत्रे पाऊस देतात. आपला पूर्व पट्टा या दोन समुद्रांच्या पावसाच्या मध्ये पडला आहे. अरबी समुद्राचे पाणी सह्याद्रीवर ओसरते आणि बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या प्रणाली क्वचितच एवढ्या पश्चिमेपर्यंत जोर टिकवतात. अशी एखादी प्रणाली येते, तेव्हाच माणमध्ये ओढे खळाळतात.

याच कारणाने या पट्ट्यात सर्वाधिक पाऊस जुलैत न पडता सप्टेंबरमध्ये पडतो. तेव्हा पश्चिमेचे वारे मंदावलेले असतात, दुपारच्या उन्हाने जमीन तापते आणि गडगडाटी ढग तयार होतात. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांकडे माणदेशी शेतकरी डोळे लावून बसतो आणि त्या ओलीवर शाळू पेरतो. पश्चिमेला जावळी-पाटणमध्ये भात आणि नाचणी, पूर्वेला बाजरी आणि शाळू. तिकडे उतरत्या छपरांची कौलारू घरे, इकडे मातीची सपाट माळवदे. ही जोडी मुलांच्या पाहण्यातली आहे, तेव्हा पावसाचे आकडे सांगण्याआधी तीच दाखवावी. त्यानंतर गुहागर, चिपळूण, कोयनानगर, पाटण, कराड, विटा, आटपाडी अशी गावे एका रेघेवर मांडून त्यांच्या उंचीचा आडवा छेद फळ्यावर काढावा आणि वाऱ्याचा बाण डावीकडून उजवीकडे दाखवावा. हा एक छेद पानभर मजकुरापेक्षा अधिक शिकवून जातो.

प्रश्न (शेतकरी, आटपाडी तालुका, याच आशयाची पत्रे जत आणि खटाव तालुक्यांतूनही आली आहेत) : जून-जुलैत आमच्या डोक्यावरून रोज काळे ढग पूर्वेला पळतात, पण थेंब पडत नाही. डोंगरावर पवनचक्क्या आल्यापासून त्या ढग पांगवतात, असे गावात सगळे म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : पवनचक्क्यांमुळे पाऊस जात नाही. मात्र हा समज का पसरला हे समजण्यासारखे आहे. आपल्या डोळ्यांदेखत ढग येतो, पाती फिरत असतात आणि पाऊस पडत नाही. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांचा संबंध जोडला जाणारच, आणि ज्याचे पीक वाळते त्याने कारण शोधू नये असे कोण म्हणेल?

आपण पाहता ते ढग बहुधा उथळ असतात. खालून काळे दिसले, तरी त्यांची जाडी एक किलोमीटरच्या आत-बाहेर असते. ढगातला कण इतका बारीक असतो, की पावसाचा एक साधा थेंब बनायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. कण एकमेकांवर आदळत, चिकटत मोठे होतात आणि त्यासाठी ढगात उंची हवी, वर चढणारी हवा हवी आणि वेळ हवा. घाटमाथ्यावर डोंगर हवेला सतत वर ढकलत असल्याने हे तिन्ही मिळते. आपल्याकडे हवा उतरणीला लागलेली असते, वरच्या थरातली कोरडी हवा ढगाला वाढू देत नाही, आणि वारा इतका वेगवान असतो की कण मोठे होण्याआधी ढग पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. कधी भुरभुर सुटते, पण ते थेंबही जमिनीवर पोहोचण्याआधी वाटेतच सुकून जातात.

आता पवनचक्कीकडे पाहू. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर त्या नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या राहिल्या आणि पुढे सांगलीच्या पूर्व भागातही आल्या. त्यांचा मनोरा पन्नास ते शंभर मीटरच्या आसपास उंच असतो. पावसाळी ढगाचा तळ सहसा त्याच्या कितीतरी वर असतो आणि पाऊस देणारा ढग तिथून आणखी काही किलोमीटर वर वाढतो. पाती आपल्या मागच्या थोड्या अंतरात वाऱ्याचा वेग कमी करतात आणि हवा थोडी घुसळतात, हे खरे आहे. एवढ्याने चार-पाच किलोमीटर उंचीच्या घडामोडी थांबत नाहीत.

याहून स्पष्ट पुरावा इतिहासाचा आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १९७२ चा दुष्काळ, हे सगळे पवनचक्क्यांच्या आधीचे आहेत. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव एकोणिसाव्या शतकात बांधावा लागला, तो इथला पाऊस तेव्हाही अपुरा होता म्हणून. धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी माणदेशात येतात, कारण मेंढराला घाटाखालचा ओला पावसाळा सोसत नाही. या प्रदेशाचा कोरडेपणा त्यांच्या वाटांमध्ये कधीचा नोंदलेला आहे.

पवनचक्की आणि कोरडेपणा एकाच ठिकाणी दिसतात, त्याचे कारण वेगळे आहे. ज्या ठिकाणी वारा जोराचा आणि अखंड वाहतो, तिथेच कंपन्या पवनचक्क्या उभारतात. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडच्या उघड्या पठारांवरून धावणारा वारा जोराचा असतो आणि पाणी माथ्यावर टाकून आलेला असतो. एकाच वाऱ्याने पवनचक्कीही आणली आणि कोरडेपणाही.

पवनचक्क्यांविषयी इतर तक्रारी असू शकतात. जमिनीचा मोबदला, रस्ते, आवाज, गायरानाचा प्रश्न हे विषय खरे आहेत आणि त्यांची तड लागलीच पाहिजे. पावसाचा आरोप त्यांत मिसळला, की समोरच्याला मूळ तक्रारही उडवून लावणे सोपे जाते, म्हणून हे एवढ्या विस्ताराने लिहिले.

प्रश्न (इयत्ता सातवीचा विद्यार्थी, वाई) : महाबळेश्वर वाईपेक्षा उंच आहे म्हणजे सूर्याच्या जवळ आहे. मग तिथे जास्त गरम व्हायला पाहिजे. थंड का असते? आणि थंडीत वेण्णा लेकला दव गोठते, पण गावात गोठत नाही, असे का?

उत्तर : दोन्ही प्रश्न उत्तम आहेत. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. महाबळेश्वरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर, म्हणजे वाईहून साधारण सहाशे-साडेसहाशे मीटर अधिक. कोट्यवधी किलोमीटरांच्या अंतरात अर्ध्या-पाऊण किलोमीटरने काही फरक पडत नाही.

सूर्यप्रकाशाने हवा थेट फारशी तापत नाही. प्रकाश आधी जमीन तापवतो आणि जमीन तिच्या लगतच्या हवेला तापवते. ही हवा वर जाताना प्रसरण पावून थंड होते. उंचावर हवा विरळही असते, त्यामुळे जमिनीतून निघालेली उष्णता ती कमी अडवते. सरासरीने दर एक किलोमीटर उंचीला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने वाई आणि महाबळेश्वर यांच्यात चार अंशांचा फरक यायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत पसरणी घाट चढताना हा फरक अंगाला जाणवतो.

आता वेण्णा लेक. तो महाबळेश्वर गावापेक्षा थोडा खाली, खोलगट भागात आहे. मग उंचीच्या नियमाने तिथे थंडी कमी हवी, पण होते उलटे. डिसेंबर-जानेवारीतल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून वेगाने थंड होते आणि तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड असते. ती उतारावरून हळूहळू घसरत खोलगट जागी साचते आणि पहाटेपर्यंत तिथे गारव्याचे डबके तयार होते. त्यामुळे वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो, आणि वरच्या गावात मात्र पारा शून्याच्या बराच वर असतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हे घडत नाही. स्ट्रॉबेरीचे शेतकरी अशा रात्री ओळखून रोपे झाकतात. भूगोलाच्या पुस्तकात उंची हा मोठा घटक म्हणून शिकवतात, तो योग्यच आहे. पण जमिनीचा लहानसा खळगाही एका रात्रीपुरता त्यावर मात करतो, हे तुला या उदाहरणातून दिसेल.

प्रश्न (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, मिरज) : हवामान ठरवणाऱ्या घटकांच्या यादीत अक्षांश पहिला असतो. त्यानंतर समुद्रसपाटीपासूनची उंची, समुद्रापासूनचे अंतर, वारे, सागरी प्रवाह, भूरचना असा क्रम पाठ केला आहे. पण रत्नागिरी आणि सांगली जवळपास एकाच अक्षांशावर असूनही हवामान इतके वेगळे आहे. मग अक्षांशाला पहिले स्थान का?

उत्तर : अक्षांशावरून उन्हाचा हिशेब ठरतो, म्हणून तो पहिला. सांगली जवळजवळ १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मध्ये. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली दिसत नाही. पण मे महिन्यात अंगाची लाही होते आणि ऑगस्टमध्ये आपण स्वेटर शोधत नसलो, तरी उन्हाळा नक्कीच म्हणत नाही. सूर्याचा कोन तोच, फरक ढगांचा. अक्षांशाने किती ऊन मिळायचे ते ठरते; त्याचे पुढे काय होते ते बाकीचे घटक ठरवतात.

याच अक्षांशावरून पश्चिमेकडे जात राहिलात, तर रत्नागिरी लागते आणि समुद्र व अरबस्तान ओलांडून आफ्रिकेत मालीमधले टिंबक्टू लागते. त्याचा अक्षांश सांगलीपासून अगदी काही मिनिटांनीच वेगळा आहे. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सांगलीला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, आणि टिंबक्टूला जेमतेम दोनशे मिलिमीटर. टिंबक्टूलाही उन्हाळ्यात नैऋत्येचे दमट वारे पोहोचतात, पण ते गिनीच्या आखातापासून हजार किलोमीटरहून अधिक अंतर जमिनीवरून कापून, पाणी वाटेत सांडून पोहोचतात. आपल्याला अरबी समुद्र लागून आहे आणि मोसमी वारा दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून, पृथ्वीच्या परिवलनाने उजवीकडे वळून थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. हा वारा नसता, तर सतरा अंशांवरचा सगळा पट्टा बारमाही ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या ताब्यात राहिला असता आणि सह्याद्रीलाही अडवायला बाष्प मिळाले नसते.

समुद्र जवळ असला म्हणजे पाऊस हमखास, असेही समजू नये. चिलीच्या उत्तर टोकाला अरिका नावाचे बंदर आहे. ते साडेअठरा अंश दक्षिण अक्षांशावर, अगदी समुद्रकाठी. तिथे ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ या काळात मोजण्याजोगा पाऊस पडला नाही. त्या किनाऱ्याला लागून हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यामुळे समुद्रालगतची हवा थंड आणि जड राहते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि खालची हवा वर चढूच शकत नाही. धुके पडते, पाऊस नाही. परीक्षेत सागरी प्रवाहाचे उदाहरण विचारले, तर हे लिहावे. यादीचा क्रम पाठ करण्यापेक्षा एकेका गावाला या सगळ्या घटकांसमोर उभे करून पाहावे. कोणता घटक कुठे वरचढ ठरतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळे निघते.

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका) : आमच्याकडचा बेदाणा नावाजलेला आहे. कोकणातही ऊन कडक असते. तिकडे बेदाणा का होत नाही?

उत्तर : बेदाणा सुकवायला उन्हापेक्षा कोरडी हवा अधिक महत्त्वाची असते, हे आपल्याला शेडच्या अनुभवावरून माहीत आहेच, आपणही द्राक्षे उघड्या उन्हात न ठेवता शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरता. चार किलो द्राक्षांपासून साधारण एक किलो बेदाणा मिळतो, म्हणजे उरलेले तीन किलो पाणी हवेने उचलून न्यावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणात समुद्रावरचे दमट वारे दुपारी आत शिरतात आणि आधीच बाष्प असलेली हवा आणखी पाणी उचलायला तयार नसते. तासगाव-कवठेमहांकाळचा भाग सह्याद्रीच्या आड असल्याने हे वारे तिथे दमट राहून पोहोचत नाहीत.

समुद्रापासूनच्या अंतराचा दुसरा परिणाम दिवस-रात्रीच्या तापमानात दिसतो. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे रत्नागिरीत जानेवारीची पहाटही साधारण अठरा-एकोणीस अंशांची असते. सांगलीत ती चार-पाच अंशांनी गार असते आणि दुपार मात्र चांगली तापते. पावसाने ज्या प्रदेशाकडे पाठ फिरवली, त्याच प्रदेशाला या कोरड्या हवेने पैसा मिळवून दिला. म्हणूनच ऐन सुकवणीत अवकाळी पाऊस आला, की बेदाणा काळा पडतो आणि हंगामाचे नुकसान होते.

प्रश्न (बचत गटाची सदस्या, खटाव तालुका) : आमच्या गटाने डोंगरावर झाडे लावली आहेत. झाडे वाढली की आमच्याकडे पाऊस वाढेल, असे सांगतात. खरे आहे का?

उत्तर : आपण लावलेली झाडे पूर्णपणे कामाची आहेत, पण त्यांच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली, तर दहा वर्षांनी पाऊस तेवढाच राहिल्यावर लोकांचा उत्साह मावळेल, म्हणून स्पष्ट लिहितो. अतिविस्तीर्ण जंगले हवेला बाष्प परत देतात आणि त्यातून पावसाला हातभार लागतो, हे मान्य झालेले आहे. मात्र एका तालुक्यातल्या काही डोंगरांवरच्या झाडांमुळे पर्जन्यछाया हटत नाही. खटावचा पाऊस मुख्यतः वाऱ्याच्या दिशेवर आणि सह्याद्रीच्या जागेवर ठरतो.

झाडे बदलतात ते पडलेल्या पावसाचे भवितव्य. उघड्या माळावर सप्टेंबरचा एक जोरदार पाऊस तासाभरात ओढ्याने निघून जातो आणि माती घेऊन जातो. गवत, झुडपे आणि झाडे असलेल्या उतारावर त्याचा बराच भाग जमिनीत मुरतो. चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस थोडा नाही. एक हेक्टर क्षेत्रावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास लाख लिटर पाणी. माण-खटावच्या ज्या गावांनी श्रमदानाने सलग समतल चर खोदले, त्यांनी हेच पाणी अडवले. आपल्या गटाने झाडांच्या ओळी चरांच्या खालच्या बांधावर घेतल्या आणि पहिली दोन-तीन वर्षे चराई रोखली, तर विहिरीच्या पातळीत फरक दिसू लागेल. सावलीतली जमीन दुपारी कमी तापते आणि बाष्पीभवन घटते, हा त्यातला स्थानिक हवामानाचा लाभ.

प्रश्न (व्यापारी, सांगली) : शहरात पाऊस नसताना पूर कसा येतो?

उत्तर : सांगलीचा पूर सांगलीच्या पावसाचा नसतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला तिला कोयना मिळते आणि सांगलीलगत हरिपूरला वारणा. तिन्हींचे उगम अतिपावसाच्या पट्ट्यात आहेत. घाटातून वेगाने उतरलेले पाणी कऱ्हाडच्या पुढे जवळजवळ सपाट खोऱ्यात येते, मंदावते आणि पसरते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पावसाळ्यात सांगलीकरांनी स्वतःच्या आभाळापेक्षा नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वरच्या नोंदी पाहाव्यात.

प्रश्न (शेतकरी, पाटण तालुका) : आमच्या तालुक्याच्या सरासरीत पाऊस भरपूर दाखवतात, पण आमच्या गावात तो कमी असतो. विम्याच्या वेळी अडचण येते. काय करावे?

उत्तर : पाटणसारख्या तालुक्यात सरासरी फसवी असते. त्याच्या पश्चिम टोकाला कोयनेच्या खोऱ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेच्या गावांत त्याचा लहानसा अंशच. मधली एक डोंगरसोंड ओलांडली, तरी आकडा बदलतो. ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली, ही मोठी सुधारणा आहे. पण डोंगराळ मंडळात दोन शेजारच्या खोऱ्यांचा पाऊस एका केंद्राने सांगता येत नाही, आणि अशा ठिकाणी केंद्रांची संख्या वाढवण्याची मागणी रास्त आहे.

तोपर्यंत गावाने साधे पर्जन्यमापक घ्यावे. ते मोकळ्या जागी, तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर उंच राहील असे बसवावे, आणि जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावे. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता मोजमाप घेऊन तारखेसह वहीत नोंद करावी आणि कोरड्या दिवशीही शून्य लिहावे, कारण रिकामी जागा राहिली, तर त्या दिवशी पाऊस नव्हता की मोजणी झाली नाही हे पुढे कळत नाही. ही नोंद विमा कंपनीवर बंधनकारक नसते. परंतु सलग काही वर्षांची वही असेल, तर ग्रामसभेच्या ठरावासोबत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे केंद्र हलवण्याची किंवा नवे केंद्र देण्याची मागणी आकड्यांसह करता येते.